नॅनोपावडरची पेलेट : ग्रेन साइज आणि ताकद यांचा ग्राफ न चुकता कसा काढायचा

पुण्यात एम.टेक.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की ग्रेन साइज (धातूच्या आतल्या एकेका स्फटिक-तुकड्याचा आकार) विरुद्ध हार्डनेस (कडकपणा) असा ग्राफ हमखास बघायला मिळतो, आणि त्यातले ग्रेन साइजचे आकडे कुठून आणले विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, बाटलीवर लिहिलंय ना, ५० नॅनोमीटर." अरे, बाटलीवरचा आकडा पावडरच्या कणाचा. ती पावडर दाबली, तापवली, तिची पेलेट, म्हणजे छोटी घट्ट टिकली, झाली की त्या आकड्याचा ताकदीशी थेट संबंध उरत नाही. ताकद ठरते तयार पेलेटमधल्या ग्रेनवरून, आणि तीसुद्धा आतली पोकळी, ऑक्साइड आणि ठोकाठोकीतून आलेला कडकपणा यांचा हिशोब आधी लावला असेल तरच तुम्हाला ग्राफात दिसणार. तो हिशोब कुठल्या क्रमाने लावायचा तेवढंच खाली लिहितोय. उदाहरण सगळीकडे तांब्याचं आहे, कारण बहुतेक जण सुरुवात तांब्यानेच करतात. निकेल, लोखंडवाल्यांनी आकडे बदलून घ्या, क्रम तोच राहील.

नियम दोन ओळींत सांगतो. डिस्लोकेशन म्हणजे स्फटिकातला तो दोष जो सरकला की धातू वाकतो; ग्रेन बाउंड्री, म्हणजे दोन ग्रेनमधली सीमा, त्याला अडवते, ग्रेन लहान म्हणजे बाउंड्री जास्त, म्हणून ताकद जास्त. यील्ड स्ट्रेंग्थ म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण, आणि त्याचं हॉल-पेचचं समीकरण असं:

यील्ड स्ट्रेंग्थ = सिग्मा-शून्य + (के ÷ √ग्रेन साइज)

सिग्मा-शून्य आणि के हे त्या त्या धातूचे ठरलेले आकडे. तांब्याला सिग्मा-शून्य साधारण २५ मेगापास्कल आणि के साधारण ०.११ मेगापास्कल-रूट-मीटर धरा. ग्रेन २५ मायक्रॉनचा असेल तर उत्तर येतं ४७ मेगापास्कल, आणि १०० नॅनोमीटरचा असेल तर ३७० च्या आसपास. जवळजवळ आठपट. एवढा फरक कागदावर दिसतो म्हणूनच सगळे नॅनोच्या मागे लागतात, आणि प्रत्यक्षात तो मिळत नाही म्हणून मग फोन सुरू होतात.

१. तीन आकार वेगळे ठेवा

कण, क्रिस्टलाइट आणि ग्रेन. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) पावडर बघितली की जो गोळा दिसतो तो कण, आणि बऱ्याचदा तोही एकटा नसतो, शंभर कण चिकटून झालेला लगदा असतो. एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) पीकच्या रुंदीवरून निघतो तो क्रिस्टलाइट, म्हणजे आतला सलग स्फटिक. ग्रेन म्हणजे तयार पेलेट पॉलिश करून बघितल्यावर बाउंड्रीने वेढलेला तुकडा. हॉल-पेचमध्ये जातो फक्त तिसरा.

हे तिन्ही एकमेकांपासून किती लांब जाऊ शकतात बघा. बॉल मिलमधून (गोळ्यांनी कुटणाऱ्या यंत्रातून) काढलेला कण २० मायक्रॉनचा असू शकतो आणि त्याच्या आत क्रिस्टलाइट २५ नॅनोमीटरचे. उलट केमिकल पद्धतीने बनवलेली छान ५० नॅनोमीटरची पावडर ९०० डिग्रीला तासभर ठेवलीत तर पेलेटमधले ग्रेन मायक्रॉनमध्ये जाऊन बसतात, नॅनोचा मागमूस राहत नाही.

तपासा: वहीत तिन्हींसाठी तीन वेगळे कॉलम आखलेत का? एकच "साइज" असा कॉलम असेल तर आत्ताच खोडा.

२. बाटली उघडण्याआधी

इथे घाई सगळ्यात महाग पडते. तांब्याच्या नॅनोकणावर हवेत ऑक्साइडचा थर चढतो, आणि लोकांना वाटतं तीन नॅनोमीटरच्या थराने काय होतंय. करून बघा गणित: कण बाहेरून ५० नॅनोमीटर, थर ३ नॅनोमीटर, म्हणजे आतलं तांबं ४४ नॅनोमीटर. ४४ भागिले ५० चा घन येतो ०.६८. म्हणजे जवळपास एक तृतीयांश आकारमान ऑक्साइडचं, आणि तुम्ही समजताय आपण शुद्ध तांबं दाबतोय. कण १०० नॅनोमीटरचा असेल तरी १७ टक्के. त्यात जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत बाटली उघडी ठेवून चहाला गेलात तर काही विचारूच नका.

मग करायचं असं. पावडर आर्गॉनच्या ग्लोव्ह बॉक्समध्येच उघडा. एका पेलेटला लागेल तेवढी पावडर लहान बाटल्यांत आधीच वाटून ठेवा म्हणजे मोठी बाटली पुन्हा पुन्हा उघडावी लागत नाही. ग्लोव्ह बॉक्स नसेल तर निदान ग्लोव्ह बॅग घ्या आणि पावसाळ्यात हे काम काढूच नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

इशारा: ॲल्युमिनियम, टायटॅनियम, लोखंड यांची नॅनोपावडर हवेत आपोआप पेट घेऊ शकते. पेटली तर पाणी मारायचं नाही, धातूच्या आगीसाठीचा डी क्लासचा एक्स्टिंग्विशर किंवा कोरडी वाळू जवळ हवी. मास्क, हातमोजे लागतातच, आणि सांडलेली पावडर झाडूने उडवायची नाही, ओल्या कापडाने टिपायची. ओलं चालेल की नाही ते त्या त्या धातूच्या सेफ्टी शीटवर आधी बघून.

३. पावडरचा एक्सआरडी आणि शेररचं गणित

एक्सआरडी पुण्यात एनसीएल, आयसर, विद्यापीठ अशा बऱ्याच ठिकाणी आहे, प्रश्न असतो स्लॉटचा, म्हणून पावडरचा आणि पेलेटचा असे दोन्ही स्लॉट आधीच मागून ठेवा. पावडरचा करायचा राहिला आणि पेलेट बनवून मोकळे झालात तर तुलना कशाशी करणार?

शेररचं सूत्र पीकच्या रुंदीवरून क्रिस्टलाइटचा आकार देतं, ते असं: आकार = ०.९ × तरंगलांबी ÷ (पीकची रुंदी × कॉस थीटा). कॉपर के-अल्फाची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर. तांब्याचा १११ पीक ४३.३ डिग्रीला येतो, हा टू-थीटा, म्हणजे थीटा २१.६५. रुंदी समजा ०.४ डिग्री आली. ती रेडियनमध्ये केली की ०.००६९८, आणि उत्तर येतं २१ नॅनोमीटर.

तीन चुका इथे ठरलेल्या आहेत. पहिली, रुंदी डिग्रीतच घालणे. मग वरच्याच उदाहरणात उत्तर येतं ०.३७ नॅनोमीटर, आणि तांब्याचा युनिट सेलच (स्फटिकाचा सगळ्यात लहान घटक) ०.३६ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे अख्खा क्रिस्टलाइट एका सेलचा! असं उत्तर घेऊन लोक गाइडकडे जातात. दुसरी, कॉसमध्ये थीटाऐवजी टू-थीटा घालणे. तिसरी, मशीनची स्वतःची रुंदी वजा न करणे. त्यासाठी लॅन्थॅनम हेक्साबोराइडसारख्या स्टँडर्डचा स्कॅन त्याच सेटिंगला घ्यावा लागतो. ऑपरेटरला आधीच सांगा, नंतर तो स्कॅन कोणी वेगळा काढून देत नाही.

बॉल मिलची पावडर असेल तर अजून एक भानगड, मिलिंगमुळे आलेला स्ट्रेनही (स्फटिकातली ओढाताणही) पीक रुंद करतो. अशा वेळी एका पीकवर विसंबू नका, चार-पाच पीक घेऊन विल्यमसन-हॉल प्लॉट काढा, त्यात साइज आणि स्ट्रेन वेगळे होतात.

तपासा: बीईटी (पावडरवर वायू चिकटवून तिचं पृष्ठफळ मोजायची चाचणी) करता आलं तर करा. गोल कण धरून व्यास = ६ ÷ (घनता × पृष्ठफळ). तांब्याला ग्रॅममागे ६.७ चौरस मीटर आलं तर कण १०० नॅनोमीटरचा. बाटलीवर ५० आणि बीईटीत ३०० निघत असेल तर कण एकमेकांना घट्ट चिकटलेत, आणि ते पुढे दाबताना त्रास देणार.

४. दाबणं

पिंपरी-भोसरीकडे सिंटर्ड (पावडर दाबून आणि तापवून जोडलेल्या) पार्टच्या शॉपमध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना मोठ्या कणांची, डायमध्ये वाळूसारखी सुळसुळ भरणारी पावडर माहीत असते. नॅनोपावडर वाहत नाही, डायच्या भिंतीला चिकटते, मध्ये पोकळ्या ठेवते आणि दाब सोडला की पेलेटचं टोपण उडतं.

त्यावर उपाय असा. पावडरमध्ये स्टिअरेट (वंगण) मिसळू नका, नंतर त्याचा कार्बन आत राहतो. डायच्या भिंतीला झिंक स्टिअरेटचा पातळ हात फिरवा, बास. पावडर थोडी भरा, हलकं ठोका, परत भरा. दाब हळू चढवा, वर गेल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, आणि सोडताना त्याहून हळू सोडा. चिरा बहुतेक सोडतानाच पडतात.

प्रेसचा गेज टनात असतो आणि रिपोर्ट मेगापास्कलमध्ये लिहायचा असतो, तिथे गडबड होते. १२ मिलिमीटर व्यासाच्या डायला क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर, त्यावर ५०० मेगापास्कल हवेत तर लागतात ५६.५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास पावणेसहा टन.

इशारा: केमिस्ट्री लॅबमधली केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) पेलेटची डाय उसनी आणणार असाल तर तिची लोडची मर्यादा आधी विचारा. पंच फुटला तर तुकडा गोळीसारखा उडतो, म्हणून समोर पॉलिकार्बोनेटची ढाल लावा.

५. आधी ऑक्साइड काढा, मग सिंटर करा

हा क्रम उलटा केला तर सगळं मुसळ केरात. पेलेटमधली पोकळी उघडी असते तोवरच हायड्रोजन आत जातो आणि तयार झालेली वाफ बाहेर पडते. म्हणून हायड्रोजन मिसळलेल्या गॅसमध्ये २०० ते ३०० डिग्रीला आधी पुरेसा वेळ थांबायचं, ऑक्साइड जाऊ द्यायचा, मगच तापमान चढवायचं. आधीच गरम करून पोकळी बंद केली आणि नंतर हायड्रोजन सोडला तर हायड्रोजन तांब्यातून आत शिरतो, आतल्या ऑक्साइडशी वाफ बनते आणि त्या वाफेला बाहेर पडायला वाट नसते. पेलेट फुगते, फोड येतात, बाउंड्री उकलतात. याच कारणाने सिंटर झालेल्या तांब्याचं पुढचं ॲनीलिंग (तापवून मऊ करणं) हायड्रोजनमध्ये करायचं नाही, आर्गॉन किंवा व्हॅक्यूममध्ये करायचं.

इशारा: हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन स्फोटक असतो. ट्यूब फर्नेस आधी आर्गॉनने नीट धुवून घ्या, आणि बाहेर पडणारा गॅस एक्झॉस्टला जोडा. शुद्ध हायड्रोजनच्या वाटेला जाऊ नका, कमी हायड्रोजनचा तयार फॉर्मिंग गॅस मिळतो तोच वापरा.

आता तापमान. ग्रेन वाढायला खरी सुरुवात कधी होते? पेलेट ९० टक्क्यांच्या वर दाट झाली की. तोवर उरलेली पोकळी ग्रेन बाउंड्रीला धरून ठेवते, पोकळी बंद व्हायला लागली की ती पकड सुटते आणि ग्रेन भराभर मोठे होतात. म्हणजे शेवटचे सात-आठ टक्के दाटपणा मिळवण्याच्या नादात आधी राखलेला सगळा नॅनोपणा जातो. "अजून एक तास ठेवू, सेफ साइडला" हा विचार इथेच नडतो.

म्हणून नुसत्या उष्णतेवर अवलंबून राहू नका, तापमान कमी ठेवून सोबत दाब द्या. हॉट प्रेस किंवा स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग (दाबाखाली विजेच्या प्रवाहाने झटपट तापवणं) मिळत असेल तर मिनिटाला १०० डिग्रीच्या आसपास वेगाने वर न्यायचं, थोडा वेळ थांबायचं, खाली आणायचं. दोन गोष्टी लक्षात ठेवा: तिथे तापमान सहसा ग्राफाइटच्या डायचं मोजलं जातं, आतल्या पेलेटचं वेगळं असू शकतं, आणि ग्राफाइटला लागून असलेला पृष्ठभाग कार्बनने खराब होतो, तो घासून टाकल्याशिवाय हार्डनेस घ्यायची नाही.

६. डेन्सिटी : इथे नापास तर पुढे जायचं नाही

पोकळी ताकदीला किती मारते याचा ढोबळ अंदाज असा: ताकद = पूर्ण दाट धातूची ताकद × ई चा (उणे बी × पोकळी) घात. बी साधारण ५ धरला तर १० टक्के पोकळीला गुणक येतो ०.६. म्हणजे ग्रेन लहान करून जे कमावलं त्यातलं ४० टक्के पोकळीने खाल्लं. ९० टक्के दाट पेलेट आणि ९८ टक्के दाट पेलेट एकाच ग्राफवर टाकून ग्रेन साइजवर निष्कर्ष काढणं म्हणजे शुद्ध फसवणूक, भले ती स्वतःचीच असो.

आर्किमिडीजच्या पद्धतीने, म्हणजे पाण्यात बुडवून वजन करून, मोजा, पण पाणी उघड्या पोकळीत शिरलं तर डेन्सिटी खोटी जास्त दिसते. पेलेट पाण्यातून काढून पुसून परत वजन करा, कोरड्या वजनापेक्षा वाढलं असेल तर पाणी आत गेलंय. अशा वेळी पोकळीत आधी तेल किंवा मेण भरून मग मोजायचं. बुडबुडे ब्रशने काढा, आणि पाण्याची घनता त्या दिवशीच्या तापमानाची घ्या, २८ डिग्रीला ०.९९६.

तुलना ८.९६ शी करता, पण आत ऑक्साइड राहिला असेल तर खरी पूर्ण घनता त्याहून कमी असणार, क्युप्रस ऑक्साइड जेमतेम ६ चा आहे. मग पेलेट तुम्हाला पोकळ वाटेल आणि प्रत्यक्षात ती ऑक्साइडने भरलेली असेल. पेलेटच्या एक्सआरडीत ३६.४ डिग्रीच्या आसपास बारीक उंचवटा दिसतोय का बघा, तो क्युप्रस ऑक्साइडचा.

तपासा: ९७ टक्क्यांच्या खालची पेलेट ग्राफमध्ये घ्यायची नाही. मोह झाला तरी.

७. पेलेटमधले ग्रेन मोजणं

आधी पॉलिश. तांबं मऊ, एमरीवर ओढलं की वरचा थर लिंपला जातो आणि पोकळ्या झाकल्या जातात. शेवटी कोलॉइडल सिलिकावर हलक्या हाताने पुरेसा वेळ द्या, मग पाहिजे तर फेरिक क्लोराइडने एच करा, म्हणजे पृष्ठभाग हलका कोरून बाउंड्री उठवा. अर्ध्या मायक्रॉनच्या खालचे ग्रेन ऑप्टिकल मायक्रोस्कोपमध्ये दिसतच नाहीत, तिथे ईबीएसडी किंवा टीईएम (दोन्ही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पद्धती) लागतं. १०० नॅनोमीटरच्या वर शेररवर भरवसा ठेवू नका, पीकची रुंदी तिथे मशीनच्याच रुंदीइतकी होते. आणि शेररचा आकडा हाच ग्रेन साइज असं लिहायचं असेल तर निदान एका पेलेटवर टीईएमने ताडून बघा.

मोजताना रेषा मारून छेद मोजायची पद्धत वापरा, निदान दोन-तीनशे ग्रेन व्हायला हवेत. मिळालेली सरासरी लांबी तशीच वापरली की १.५६ ने गुणून, ते लिहा, कारण दोघांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा निम्म्या वेळा भांडण याच गुणकाचं असतं. तांब्यात ट्विन (ग्रेनच्या आतले आरशातल्यासारखी उलटी रचना असलेले पट्टे) भरपूर असतात. ट्विनची सीमा छेदात धरली की सोडली, हेही लिहा. सर्वसाधारण पद्धतीत सोडतात. पण ट्विनची सीमाही डिस्लोकेशनला अडवते, म्हणून मी दोन्ही आकडे काढून ठेवतो.

नुसती सरासरीही देऊ नका. ८० टक्के ग्रेन १०० नॅनोमीटरचे आणि मध्ये मध्ये दोन मायक्रॉनचे दांडगे बसलेले असतील तर संख्येने काढलेली सरासरी लहानच दिसते, पण क्षेत्रफळ बहुतेक त्या दांडग्यांनीच व्यापलेलं असतं. हिस्टोग्राम द्या.

८. हार्डनेस

तांबट आळीत मठारलेलं भांडं कडक होतं ते ठोक्यांमुळे, आणि भट्टीत घातलं की पुन्हा मऊ पडतं. तुमच्या पेलेटचंही तेच आहे. बॉल मिल, जोरात दाबणं, कापणं, घासणं या प्रत्येकाने आत डिस्लोकेशन भरलेले असतात आणि तो कडकपणा तुम्ही ग्रेनच्या खात्यावर जमा करता. पॉलिशचा शेवटचा टप्पा नीट केला नाही तर नुसती घासलेली वरची कातडी मोजली जाते. लोड कमी-जास्त करून बघा, १०० ग्रॅमला आणि ५०० ग्रॅमला आकडा फार वेगळा येत असेल तर पृष्ठभाग खराब आहे.

समजा १०० ग्रॅम लोड आणि विकर्स हार्डनेस १२० आली, तर इंडेंटचा (हिऱ्याच्या टोकाने पडलेल्या खळग्याचा) कर्ण साधारण ३९ मायक्रॉन असतो. दोन इंडेंटमध्ये निदान तीन कर्ण, म्हणजे १२० मायक्रॉन अंतर ठेवा. कडेपासूनही अडीच कर्ण आत या. मधोमध आणि कडेला दोन्हीकडे घ्या, दाब सारखा बसला नसेल तर तिथेच पकडला जातो.

सगळ्यात मोठी चूक मात्र आकडा बदलताना होते. विकर्स हार्डनेस × ९.८१ ÷ ३ म्हणजे यील्ड स्ट्रेंग्थ, हे सगळ्यांना पाठ असतं. ते चालतं जिथे धातू आधीच पुरेसा कडक असतो आणि ओढल्यावर फारसा वाढत नाही तिथे, म्हणजे बारीक ग्रेनला १२० चे ३९० मेगापास्कल ठीक. ॲनील केलेल्या मोठ्या ग्रेनच्या तांब्याची हार्डनेस ५० आली तर हेच सूत्र १६० सांगतं, आणि प्रत्यक्ष यील्ड त्याच्या निम्म्याहूनही कमी असते, कारण इंडेंट करतानाच ते तांबं कडक होत जातं. परिणाम असा की ग्राफचं मोठ्या ग्रेनचं टोक वर उचललं जातं आणि उतार खोटा कमी येतो. म्हणून एक तर हार्डनेसच ग्राफवर टाका, नाहीतर लहान दंडगोल कापून कॉम्प्रेशन टेस्ट करा. दोन्हींची मिसळ नको.

९. ग्राफ काढणं

वेगवेगळे ग्रेन मिळवायला वेगवेगळ्या बाटल्या घेऊ नका. प्रत्येक पावडरचा ऑक्साइड वेगळा, लगदा वेगळा, मग फरक कशाचा ते कळणार नाही. एक चांगली दाट पेलेट करा, तिचे तुकडे करा आणि आर्गॉनमध्ये वेगवेगळ्या तापमानाला ॲनील करून ग्रेन वाढवा. प्रत्येक तुकड्याची डेन्सिटी ॲनीलिंगनंतर परत मोजायची, आत अडकलेला गॅस फुगून ती घसरू शकते.

एक्स-अक्षावर ग्रेन साइज नको, एक भागिले रूट ग्रेन साइज हवं. युनिट एकदाच ठरवा. तांब्याचा के ०.११ मेगापास्कल-रूट-मीटर, तोच मिलिमीटरमध्ये ३.५ आणि मायक्रॉनमध्ये ११० होतो. तुमचा के यातल्या कशाच्याही जवळ नाही, तर युनिट तपासा. तरी जुळत नाही, तर पाचव्या आणि सहाव्या टप्प्यावर परत जा. हार्डनेसच टाकली असेल तर उतार साहजिकच वेगळा येईल, त्याला के म्हणू नका.

आणि उलटा हॉल-पेच. ग्रेन फारच लहान झाले की बाउंड्रीच सरकायला लागतात आणि धातू परत मऊ होतो हे खरं आहे, पण तांब्यात ते १० ते २० नॅनोमीटरच्या आसपास आणि खाली. तुमचा ग्राफ २०० नॅनोमीटरलाच खाली वाकत असेल तर शोधनिबंधाचं शीर्षक सुचण्याआधी त्या पेलेटची डेन्सिटी बघा, दहातल्या नऊ वेळा बारीक पावडरची पेलेट नीट दाटच झालेली नसते.

रिपोर्टच्या टेबलमध्ये प्रत्येक पेलेटपुढे पावडरचा कण, क्रिस्टलाइट, पेलेटचा ग्रेन, डेन्सिटी, ऑक्साइड दिसला का, लोड आणि हार्डनेस एवढं येऊ द्या, आणि मोजल्याची तारीखही. शुद्ध तांब्याचे अगदी बारीक ग्रेन खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाढू शकतात, म्हणून ग्रेन जानेवारीत आणि हार्डनेस मे महिन्यात असं करू नका, दोन्ही एकाच आठवड्यात उरका.